एडनच्या टॅक्सीपुढचं गाऱ्हाणं

काल शेजाऱ्याने नव्या रिक्षापुढे नारळ फोडला, आणि तापल्या डांबरावर सांडलेल्या पाण्याच्या वासाने माझं डोकंच फिरलं!

साठच्या दशकातला एडनचा विमानतळ आठवला. दादा तिथे इस्पितळात होता, म्हणून बाबा आणि मी मालवणहून धावत गेलेलो. टॅक्सीपुढे नारळ फोडून बाबांनी दादासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाक बरो कर!"

ड्रायव्हरने भोंगा दाबूनच धरला. शिवाय हसत खाली उतरून नारळाची भकलं लाथेने उडवली! देवाच्या नारळाला लाथ!

बाबा तरी थांबलेले, मी "व्हय म्हाराजा" म्हणेन म्हणून. सोबतच्याने तसं म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

"बाबा, पुरे! लोक बघतत," मी म्हटलं.

बाबा गाऱ्हाणं अर्धंच सोडून गाडीत बसले.

आणि शिव्या मात्र मी इतकी वर्षं त्या ड्रायव्हरलाच घालत आलोय!