सुधीचा लोखंडी बूट

अमरावतीच्या आमच्या गल्लीतल्या आम्ही चौघी अजून भेटलो की चहा गार होतो, कारण सुधीचे किस्से संपतच नाहीत. सुधीला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डाव्या पायात चामडी पट्ट्यांचा लोखंडी बूट. पण गल्लीची दादा तीच!

*

पोलिओची तेव्हा सगळ्या आयांनी धास्ती घेतलेली. पोराला ताप आला की अंगणात लंगडी घालायला लावायच्या. दोन्ही पायांवर आळीपाळीनं जमली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. एकदा जरा कणकण होती आणि गणिताचा पेपर होता म्हणून मी लंगडी घालता घालता मुद्दाम कोसळले. आई रडायलाच लागली.

कुंपणावरून सुधी ओरडली, "काकू, रडू नोका! पडाच्या आधी तिनं जागा झाडून घेतली!"

*

लंगडीच्या खेळात सुधीवर राज्य आलं की आमची काही खैर नसे. उजव्या पायावर सुसाट यायची! डावा बूट मातीला लागला की आम्ही "आउट, आउट!" म्हणून भांडायचो.

"तो पाय नाही, लोखंड हाय. लोखंड आउट नसते होत!"

*

आम्ही बारा वर्षांच्या झालो तेव्हा शाळेत पोलिओचा डोस आला. चमचाभर साखरेच्या पाकात दोन थेंब, तेही फक्त लहान लेकरांना! पाकासाठी मी रांगेत गुडघ्यांवर सरकत गेले. वय सांगितलं चार.

सिस्टर म्हणाल्या, "मंग एवढी लांब वेणी काय आईच्या पोटातूनच घालून आली?"

*

सुधीचे बाबा मात्र डोसाचं ऐकेनात. तिला तापात इंजेक्शन दिलं आणि मग पाय गेला, तेव्हापासून डॉक्टरचं औषध घरात बंद. तिचा धाकटा भाऊ बाबू आठ महिन्यांचा. आम्हाला त्याची फार काळजी वाटायची.

एक दिवस सुधीनं त्याला काखोटीला मारलं आणि थेट रांगेत! नंबर आला, तोच बाबा दारात.

"कोनाले इचारून आनलं त्याले?"

थोरल्याला लहान झालेलं धाकट्यानं वापरायचं, हा तेव्हा घरोघरचा कायदा. सुधी बाकावर बसली. बाबूला माझ्याकडे दिलं, पट्टे सोडले आणि बूट बाबांच्या हातात ठेवला.

"मले लहान होऊन राहिला. बाबूसाठी जपून ठेवा."

बाबांनी बूट काखेत धरला आणि बाबूला माझ्याकडून घेतलं. मग सिस्टरना म्हणाले, "बाई, चमचा पुरा भरा जी."