नंबर प्लेटवरची दोन अक्षरं

खेळाचा नियम असा. समोरच्या गाडीच्या नंबर प्लेटवर आमच्या शहराच्या एमपी-०९ नंतर जी दोन इंग्रजी अक्षरं असतील, ती त्याच क्रमानं ज्यात येतात असा इंग्रजी शब्द पुढचा सिग्नल येण्याआधी सांगायचा. मधे कितीही अक्षरं चालतात. शब्द पाच अक्षरांहून लहान नको. स्कूटर चालवणारा अक्षरं सांगतो, मागे बसणारा शब्द शोधतो. चालवणारे बाबा, मागे मी. मला शब्द सुचला नाही तर तो बाबा सांगत आणि डाव त्यांचा.

मी सहावीत असताना शाळेच्या रस्त्यावर हे सुरू झालं. वर्तमानपत्रात उपसंपादक झाल्यावरही बंद पडलं नाही. आमच्या ऑफिसजवळ गाडी लावायला जागा नाही, आणि निवृत्त बाबांना मला अकराला सोडून सियागंजच्या बाजारात मित्रांकडे चक्कर मारायची असते.

बाबा सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्यांचं इंग्रजी सुट्या भागांचं. जी आणि के म्हटलं की गॅस्केट, एफ आणि जी म्हटलं की फ्लँज. माझं आधी पाठ्यपुस्तकातलं, मग बातम्यांतलं. सातवीत असताना व्ही आणि के ही अक्षरं आली आणि मी व्होडका म्हणाले. बाबांनी पुढच्या सिग्नलला स्कूटर थांबवली. मग म्हणाले, "चालेल. पण आईसमोर प्रोव्होक म्हण."

गेल्या हिवाळ्यात मी सलग जिंकू लागले. याचा आनंद चार-पाच दिवस टिकला. मग लक्षात आलं की अक्षरं रोज तीच येत होती, आणि त्याच जागी. औषधाच्या दुकानापाशी झेड आणि आर. हार्डवेअरच्या दुकानासमोर पांढरी व्हॅन उभी असते, तिथे जे आणि एक्स. चालत्या गाडीची अक्षरं बाबांनी कित्येक दिवसांत सांगितली नव्हती.

एका सकाळी त्या व्हॅनच्या जागी लोडिंग रिक्षा उभी होती. बाबा म्हणाले, "जे, एक्स." रिक्षाच्या प्लेटवर एल आणि पी होतं.

कृष्णपुऱ्याच्या सिग्नलला आमच्या पुढे, दहा-बारा हातांवर, एक बस थांबली होती. मी तिची अक्षरं विचारली.

"बस आपण घेत नाही," बाबा म्हणाले.

असा नियम कधीच नव्हता. सिग्नल सुटला. मागच्यानं "भिया, आगे लो" म्हणून हॉर्न दिला. बाबांनी पूल ओलांडला आणि स्कूटर आपणहून कडेला घेतली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डावा डोळा दिवाळीपासून."

"आणि उजवा?"

"उजवा बरा आहे. डाव्यापेक्षा."

बाकीचं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. रस्ता दिसतो, माणसं दिसतात, पाटी तेवढी धुरकट दिसते. म्हणून संध्याकाळी फिरायला निघाले की रोजच्या जागी लावलेल्या गाड्यांपाशी जाऊन अक्षरं जवळून वाचायची आणि लक्षात ठेवायची. स्टोअरमध्ये कुठल्या रॅकवर कुठला माल आहे, हे त्यांना वर न बघता सांगता यायचं. गाड्यांचंही त्यांनी तसंच केलं होतं. चूक इतकीच, की रॅकवरचा माल आपणहून उठून जात नसे.

"आईला सांगू नको," ते म्हणाले. "स्कूटर गेली की मी घरात. सकाळपासून रात्रीपर्यंत. तिचाही जरा विचार कर."

मी किल्ली मागितली. डॉक्टर काय म्हणतील ते दोघांनीही मान्य करायचं, असं ठरलं. त्या दिवशी ऑफिसला मी उशिरा पोचले, कारण आधी त्यांना घरी सोडलं.

आईला सांगावं लागलंच. तिला नवल वाटलं नाही. चहातली मुंगी न बघता पिणाऱ्या माणसाचं तू मला काय सांगतेस, असं ती म्हणाली. डॉक्टर हो म्हणेपर्यंत किल्ली तिच्या डब्यात राहील, हेही तिनंच जाहीर केलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दोन ऑपरेशनं झाली, मधे महिनाभराचं अंतर. दुसऱ्या ऑपरेशननंतर बाबांना बाहेर पडायची परवानगी मिळाली, तेव्हा स्कूटर मी चालवायची आणि ते काळा चष्मा लावून मागे बसायचे. आता अक्षरं मी सांगत होते. एस आणि के आलं की एवढा मोठा माणूस मागून स्प्रॉकेट असं ओरडे आणि शेजारचा रिक्षावाला वळून बघे.

शेवटच्या तपासणीला आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आतलं दार उघडं होतं आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर वाचायची अक्षरं दिसत होती. बाबा तिकडे एकटक बघत होते. पाठांतर करताना हलतात तसे त्यांचे ओठ हलत होते. मी आत जाऊन डॉक्टरांना विनंती केली की दुसरा तक्ता लावा.

बाबा खुर्चीत बसले. स्क्रीन बदलली.

"मघाशी दुसरा होता," ते म्हणाले.

"बाऊजी, यही पढ़िए," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "इन्स्पेक्शनवाले घरातच पाळलेत." मग वाचायला लागले. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. शेवटच्या ओळीत दोनदा अडखळले, बाकी सगळं बरोबर. दिवसा स्कूटर चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी ते लिहून मागितलं. "घर पे बड़े साहब को दिखाना पड़ता है," असं कारण दिलं.

घरी आईनं तो कागद खोलीच्या दुसऱ्या टोकाला धरला आणि इथून वाचा म्हणाली. बाबांना वाचता आलं नाही. मी जवळ जाऊन पाहिलं, तर डॉक्टरांचं अक्षर मलाही लागेना. आईनं कागद स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला.

"दिवसा चालेल असं लिहिलंय," मी सांगितलं. "माझ्यासमोर म्हणाले."

तिनं कागदाची घडी घातली. मग डबा उघडून किल्ली काढली. "सहाच्या आत घरी," ती म्हणाली. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत बाबा जिना उतरायला लागले होते.