भानुमतीवरची फाइल

बी.एड.च्या फाइली कॉलेजात वारसाहक्काने चालत येतात. सीनियरची ज्युनियरकडे, त्याची त्याच्या ज्युनियरकडे. मुलाचं आणि शाळेचं नाव तेवढं बदलायचं. लुंबिनीच्या हाती आलेल्या फाइलीतल्या केस स्टडीत निदान आधीच तयार होतं: मंद गतीने शिकणारा विद्यार्थी, घरी अभ्यासाचं वातावरण नाही, प्रेरणेचा अभाव. आता त्यात बसणारं मूल तेवढं शोधायचं होतं.

ते लगेच सापडलं. नोएडातल्या ज्या शाळेत तिचे सरावपाठ होते, तिथे सातवीत शेवटच्या बाकावर भानुमती बसायची. वही कोरी, प्रश्न विचारला की मान खाली. लुंबिनीने एका रविवारी बसून बावीस पानं लिहून काढली, पंधरा दिवसांच्या निरीक्षणाच्या तारखा टाकल्या आणि खाली झोकात सही ठोकली. खरं निरीक्षण म्हणाल तर जेमतेम दोन तासांचं.

तिला घाई झाली होती. लग्न करून नांदेडहून गाझियाबादला आल्याला अकरा वर्षं झाली होती. नवरा विनय केंद्र सरकारच्या नोकरीत, त्याच्या ऑफिसातल्या कुणी "आणि आप क्या करती हैं?" विचारलं की ती चहाचं निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची. पस्तिसाव्या वर्षी हट्टाने प्रवेश घेतला होता. एवढं वर्ष पार पडलं की शिक्षक म्हणून अर्ज करता येणार होता, आणि तिकडे नांदेडला तिचे वडील रावसाहेब ती शिक्षिका झालीच असं गावभर सांगत सुटले होते. शाळेला जाताना वैशाली स्टेशनवर मेट्रोत चढल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. जागा रिकामी असली तरी ती दाराशी उभी राहायची.

शुक्रवारी वर्गशिक्षिका भसीन मॅडमनी फाइल चाळली आणि खूश झाल्या. "बिल्कुल सही लिखा है. सोमवार से इसे सी सेक्शन में भेज देते हैं."

सी सेक्शन म्हणजे कच्च्या मुलांचा वर्ग. तिथून कुणी परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

लुंबिनी चरकली. ही फाइल कुणी खरोखर वाचेल, वाचून वर काही करेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शेवटच्या तासाला ती गुपचूप जाऊन भानुमतीच्या बाकाच्या टोकाला बसली.

मॅडम फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज करत होत्या. भानुमती लिहीत होती, पण शेजारच्या कुमुदिनीच्या वहीत. कुमुदिनी दोन महिन्यांपूर्वी ओडिशातून आलेली, तिला हिंदी धड कळत नव्हतं. भानुमतीने एक चौकोन काढला, त्याचे भाग पाडले, तीन रंगवले आणि पेन्सिल कुमुदिनीच्या हातात दिली. दुसऱ्या गणितात कुमुदिनी मध्येच अडली, तेव्हा भानुमतीने फक्त एक रेघ ओढून दिली. तिसरं कुमुदिनीने एकटीने सोडवलं. भानुमती नुसती बघत राहिली. तोवर मॅडमनी फळा पुसला होता आणि भानुमतीची वही कोरीच होती.

लुंबिनीचे कान तापले. शिकणाऱ्याला लागेल तेवढाच आधार द्यावा, जमू लागलं की तो काढून घ्यावा, हे तिने त्याच फाइलीच्या नवव्या पानावर वळणदार अक्षरात उतरवलं होतं. ते डोळ्यांदेखत करून दाखवणाऱ्या पोरीला तिनेच मंद ठरवलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तास संपताच तिने मॅडमना गाठून भानुमतीला इथेच राहू द्या म्हणून विनवलं. "लिखित में है, आपका साइन है," एवढं म्हणून त्या स्टाफरूमकडे निघून गेल्या.

रविवारी दिवसभर ती घरात येरझाऱ्या घालत होती. भाजी करपली. शेवटी विनय वैतागला.

"तारखा खोट्या होत्या असं लिहून देणारेस? वर्ष जाईल तुझं."

"जाईल."

"यार, सगळेच करतात हे. फाइल जमा कर आणि मोकळी हो."

"सगळ्यांच्या फाइलीमुळे कुणाचा वर्ग नाही ना बदलला."

"आणि बाबांना काय सांगशील?"

सोमवारी प्रार्थनेआधी तिने एक पानी अर्ज मॅडमच्या टेबलावर ठेवला: निरीक्षण केलेलं नाही, तारखा खोट्या आहेत, मजकूर दुसऱ्याच्या फाइलीतला आहे. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"यह तो कॉलेज भेजना पड़ेगा. आपकी इंटर्नशिप रद्द हो सकती है, पता है?"

"पता है, मैम."

"अच्छा. लड़की फ़िलहाल यहीं बैठे."

लुंबिनी जवळजवळ धावतच बाहेर आली. भानुमती दप्तर पाठीला लावून, पाण्याची बाटली छातीशी धरून, सी सेक्शनला जायला तयार उभी होती.

"तू कहीं नहीं जा रही," लुंबिनी म्हणाली.

मुलीने मान वर केली नाही. "सॉरी मैम. अब मैं कुमुदिनी की कॉपी में नहीं लिखूँगी."

लुंबिनी तिच्यासमोर वाकली. "नहीं बेटा, लिखना. ज़रूर लिखना. ग़लती मेरी थी."

भानुमतीने "जी मैम" म्हटलं आणि आत गेली. कुमुदिनीने सरकून तिला जागा करून दिली, तरी ती बाकाच्या पार टोकाला बसली. मॅडमनी फळ्यावर तारीख लिहिली, तशी ती मान मोडून आपल्या वहीत उतरवून घेऊ लागली.