तात्यांच्या दंडावरचा पॅच

आमच्या लॅबमध्ये पेपर कमी आणि किस्से जास्त तयार होतात. त्याला जबाबदार ग्राफीन नाही, आमची वडीलधारी मंडळी आहेत.

बारामतीच्या कॉलेजात आम्ही तिघी आणि सर मिळून ग्राफीनचा काळा पॅच बनवतोय. दंडावर लावला की घामातली साखर मोजतो आणि आकडा आमच्या मोबाइलवर येतो. अजून कच्चा आहे, म्हणून बोटातल्या रक्ताशी ताडून बघायला माणसं लागतात. माझा डोळा सणसरच्या थोरल्या चुलत्यांवर, तात्यांवर होता. त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती, आणि रक्त तपासायचं नाव काढलं की ते रानात निघून जायचे.

त्यांना समजावलं, ग्राफीन म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचा अणूएवढा पातळ पापुद्रा.

"मग पेन्सिलच आणायची. एवढी वर्षं कॉलेजात काय केलंस?"

*

कॉलेजच्या कमिटीतले एक आबा लॅब बघायला आले. काचपट्टीवर आमची तीन आठवड्यांची मेहनत होती. दिसायला नुसता पुसट डाग. मी चहा सांगायला वळले, तेवढ्यात आबांनी रुमाल काढून पट्टी लख्ख केली.

"शिकल्या एवढ्या, पण साधी काच पुसायचं कळंना."

*

कोऱ्हाळ्याच्या गुऱ्हाळावरच्या एका काकांचा आकडा एवढा चढला की सरांनी दवाखान्यात न्यायला गाडी काढली. रक्त तपासलं तर ठणठणीत. पॅच लावण्याआधी दंड धुवा, असं मी बजावलं होतं. त्यांनी धुतला होता, काकवीचे झारे बुडवायच्या बादलीत.

*

निमगाव केतकीच्या एका अण्णांचा आकडा येणंच बंद झालं. जाऊन बघते तर पॅच नव्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर.

"काळा हाय ना. माझ्यापेक्षा ह्यालाच नजर लागती."

*

शेवटी तात्या तयार झाले, पण पोरीसमोर शर्ट काढणार नाही म्हणाले. पॅच घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी आकडा भलताच वर. खरं सांगते, मला आनंदच झाला. सापडले एकदाचे! एसटी धरून सणसर गाठलं आणि चहातल्या साखरेपासून लग्नातल्या जिलेबीपर्यंत सगळं बाहेर काढलं.

तात्यांनी शांतपणे बाही वर केली. दंड मोकळा.

"पॅच कुठंय?"

त्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. "तिला कदी काय होत न्हाय. म्हटलं, आकडा चांगला येईल."

काकी चहा गाळत होत्या. पदर सारून त्यांनी दंड दाखवला. पॅच तिथं.

मी मशीन काढलं आणि दोघांच्याही बोटाला टोचलं. तात्यांची साखर वर, काकींची त्याहून वर. काकींनी दोन्ही कपांतला चहा परत पातेल्यात ओतला.

"उद्या दवाखान्यात जायचं. मला एकटीला भ्या वाटतंय, तुमी बी चला."

सकाळी तात्या इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर तयार बसले होते. मला बघून म्हणाले, "हिच्या सोबतीला चाललोय. मला काय झालेलं न्हाय."