पुढच्या वर्षी, इन्शाअल्ला

कुवेतमध्ये "परत कधी जाणार?" या प्रश्नाला आम्हां सगळ्यांचं एकच उत्तर असतं: पुढच्या वर्षी. मी एक्स-रे टेक्निशियन म्हणून इथे आले तेव्हापासून हेच सांगतेय. सासूबाईंनी तर कंटाळून विचारणंच सोडलं. माझ्या दवाखान्यातली सुदानी नर्सही तेच म्हणायची, फक्त शेवटी "इन्शाअल्ला" जोडायची. आमची मैत्री जमली ती यावरूनच.

मग तिच्या देशात युद्ध पेटलं आणि काही महिन्यांनी आमचा दवाखानाही बंद पडला. मला शहराच्या सालमिया भागात दुसरी नोकरी मिळाली, तिला मिळेना. इथे इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की परवाना जातो आणि माणसाला परत पाठवतात. तिला पाठवणार होते ते त्या आगीत. म्हणून तिने संयुक्त राष्ट्रांच्या इथल्या कार्यालयात निर्वासित म्हणून अर्ज केला. तो शब्द उच्चारायचीसुद्धा तिला लाज वाटे. मी खडसावलं, "चोरी केलीयेस का? जीव वाचवायला मागतेयस. हक्क आहे तुझा."

तिथल्या मुलाखतीच्या दिवशी रजा टाकून मी तिला गाडीने नेलं. आत एकटीलाच सोडलं. मी गाडीत एसी लावून देवाचं नाव घेत बसले. स्वतःच्या परीक्षेलाही मी इतकं घेतलं नव्हतं.

ती बाहेर आली ती तोंड पाडूनच.

"सगळं घालवलं मी," ती म्हणाली. "त्या बाईंनी विचारलं, परत जायचा विचार आहे का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हो, पुढच्या वर्षी, इन्शाअल्ला."

मी कपाळावर हात मारून घेतला. परत जाणं शक्य नाही हेच जिथे पटवून द्यायचं, तिथे नेमकं हे उत्तर! पण रागावणार कुणावर? तिच्या जागी मी असते तर मीही हेच बोलून बसले असते.

"मग?"

"त्यांनी विचारलं, कुणाकडे जाणार? म्हटलं, आईकडे. त्या म्हणाल्या, आई कुठे असते?" तिने गाडीचं दार लावून घेतलं. "आई घरासकट गेली गं. तुलाही सांगितलं नव्हतं मी. आज पहिल्यांदा तोंडाने बोलले."

मला रडू आवरेना. शेवटी तिनेच माझी पाठ थोपटली.

बऱ्याच दिवसांनी मान्यतेचा कागद आला. त्याच्यावर इथे नोकरी मिळणार नव्हती. पण तिला मरायला परत धाडू नये असं म्हणायचा आधार होता, आणि एखादा दुसरा देश पुढेमागे तिला घेईल अशी आशा होती. तेवढ्यासाठीही मी शिरा केला.

आम्ही खात होतो तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू डोकावल्या. शिऱ्याची वाटी हातात घेत त्यांनी नेहमीसारखं तिला हिंदीत विचारलं, परत कधी जाणार म्हणून. तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग त्यांनी मला विचारलं. मी उठून त्यांच्या वाटीत आणखी शिरा वाढला. तिच्यासमोर ते उत्तर द्यायची मला लाज वाटली.

"सांग ना," ती हळूच मला म्हणाली. "तुला अजून सांगता येतं."