दाजींची सैर

आमचे दाजी दर रविवारी सकाळी सायकल काढायचे आणि कुठंच जायचे नाहीत. म्हणजे जायचे, चांगले दोन-तीन तास जायचे, पण विचारलं तर सांगायला गाव नसायचं. आमच्या वालूर गावात माणूस सायकलवर दिसला की त्याला काम विचारायची पद्धत आहे. पारावरची माणसं त्यांना सैरवाले म्हणायची.

‘काय सैरवाले, कुणीकडं जायलाव?’

‘असंच जरा.’

‘असंच म्हंजी कुठं?’

‘असंच म्हंजी असंच.’

‘मंग वापस कवा येणार?’

‘कंटाळा आला की,’ म्हणून दाजी पायडल मारायचे. मागून कुणीतरी म्हणायचं, ‘यवढ्या वर्षांत ह्येला कंटाळा आल्याला दिसला न्हाई बाबा.’

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या केसांवर कापूस बसलेला असायचा. आमचे आई-बाबा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, म्हणून मला आक्काकडं ठेवलेलं. आठवीत शाळा सुटली ती तिथंच. आक्काची लेकरं लहान, शेळ्या दारात. सुटली म्हणजे सुटली. दाजी मात्र कुणी पाहुणा आला की सांगायचे, ‘ही आमची मेहुणी. लय हुशार हाय.’ कशात हुशार, ते त्यांना सांगता आलं नसतं. पण त्यांनी म्हटलं की मला दिवसभर पुरायचं.

मी आता इंग्लंडातल्या एका खेड्यात राहते. नवरा हॉटेलात स्वयंपाकी आहे. मी वृद्धांच्या आश्रमात कपडे धुण्याच्या कामाला आहे. सकाळच्या पाळीला बस मिळत नाही, म्हणून सायकलवर जाते. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेली झुडपांची कुंपणं, मधे एक गाडी जाईल एवढीच वाट, पलीकडे मेंढरं. पहिल्या रविवारी समोरून दहा-बारा सायकली आल्या. सगळे पिकल्या केसांचे, अंगात रंगीत कपडे. मला वाटलं, कुठं आग लागली काय. आश्रमात गेल्यावर बरोबरीच्या बाईला विचारलं, ही माणसं कुठं जातात? ती म्हणाली, कुठंच नाही, नुसती फिरतात. दुपारी मी दाजींना फोन लावला.

‘दाजी, इथं सगळे तुमच्यावाणी हायत.’

‘किती?’

‘लय.’

दाजींनी विचारलं, ‘मंग त्येंच्या बायका काय म्हणत्यात?’

पुढच्या रविवारी मी मोबाईल समोर धरून त्यांना ती वाट दाखवली. ‘ही तर आपली पांदणच हाय की,’ दाजी म्हणाले. ‘कुणीतरी धुऊन काढल्याली.’

पांदण म्हणजे शेतांच्या मधून जाणारी बैलगाडीची वाट. वालूरच्या चारी बाजूंच्या पांदणी दाजींना पाठ होत्या. डांबरी रस्त्यावर ते जायचेच नाहीत. ‘तिथं समद्यांला कामं असत्यात,’ म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता. सायकलवर ओझं ठेवायचं नाही. आक्का वैतागायची. ‘आवं, जायलाव तर दळण तरी न्ह्या संगं!’ दाजी सायकल भिंतीला लावायचे, दळणाचा डबा डोक्यावर घ्यायचे, गिरणीपर्यंत चालत जायचे, चालत यायचे, आणि मग सायकल काढायचे. सगळी आळी हसायची. आक्का मला म्हणायची, ‘लोकांचे नवरे सायकलवर दूध घालत्यात, कोथमीर इकत्यात. आमच्या नशिबाला फिजूल सैर!’ दाजींनी तिला कधी उलट उत्तर दिलं नाही. हसून कान खाजवायचे, म्हणजे कानातला कापूस काढायचे.

मी तेव्हाही काळजी करणारीच होते. कुत्र्याला भ्यायची, अंधाराला भ्यायची, आणि सगळ्यात जास्त ‘कितवीला हाईस गं?’ ह्या प्रश्नाला भ्यायची. दाजींनी एका रविवारी मला सोबत घेतलं. आपल्या दांडीच्या काळ्या सायकलवर बसवलं, मागून धरलं आणि सोडून दिलं. मी थेट तुरीत.

‘पडलीस? बरं झालं. आता पडायचं भ्या गेलं.’

‘न्हाई गेलं, दाजी!’

‘मंग अजून एकदा पड.’

मी रडायला लागले तर दाजी बांधावर बसून राहिले. समजूत नाही, रागावणं नाही. माझं रडणं आटोपल्यावर म्हणाले, ‘झालं? चाकाकडं बघू नकू. लांब बघ. चाक कुठं पळून जायलंय?’ उन्हं चढेपर्यंत मी पांदणीच्या त्या टोकाला जाऊन परत आले. त्या दिवशी मला कुणी कितवी विचारलं नाही. वाटेत भेटलेल्या एका म्हातारीनं विचारलं, ‘कुठं चाललीस गं?’ मी म्हटलं, ‘असंच.’ दाजी मागून एवढे मोठ्यानं हसले की बांधावरचे बगळे उडाले.

पुढं माझं लग्न झालं, नवरा इंग्लंडला गेला, माझा व्हिसा आला. पण मी जाईना. विमान, भाषा, एकटीचा प्रवास, ह्या भीतीनं आज-उद्या करता करता व्हिसाची मुदत संपत आली. शेवटी तिकीट निघालं ते अगदी काठावरचं. सेलूच्या स्टेशनवरून मुंबईची गाडी धरायची आणि दुसऱ्या दिवशी विमान. गाडी चुकली तर सगळंच चुकलं.

निघायच्या आदल्या रात्री मी पासपोर्ट पिशवीत असल्याचं तीनदा पाहिलं. सकाळी आक्कानं तो काढून देव्हाऱ्यात ठेवला. पोरगी परमुलखात चालली, कागदाला हळदकुंकू लावायला नको? लावलं, हात जोडले, दिवा लावला. तेवढ्यात जीपवाल्यानं हॉर्न दिला. आई-बाबा तोडीवर, म्हणून आक्का आणि मी दोघीच निघालो. दाजी जीपपाशी आलेसुद्धा नाहीत. कुणी जाताना बघायला त्यांना जमत नाही.

स्टेशनवर आम्ही गाडीच्या कितीतरी आधी पोचलो, माझ्या काळजीमुळे. त्याच काळजीनं मी पिशवी पुन्हा उघडली. पासपोर्ट नव्हता. आक्कानं आपल्या हळदकुंकवाच्या बोटांकडं पाहिलं.

मी घरी फोन लावला, ‘दाजी, पासपोर्ट. देव्हाऱ्यात.’

‘दिसला. आणतो.’

थोड्या वेळानं जीपवाला बातमी घेऊन आला. आमच्या मागं वाटेतल्या पुलावर उसाची ट्रॉली आडवी झाली होती. पुलावर ऊसच ऊस. मोटारसायकलीसुद्धा परत फिरायला लागल्या होत्या. दाजींना फोन लावला तर उचलेनात. आक्का स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. ‘म्याच केलं. देवाच्या नादात पोरीचं वाटुळं केलं.’ मी तिचे हात धरून बसले. मनात म्हटलं, बरंच झालं, जायचं नव्हतंच मला. आणि ते म्हणताच कळलं की मला जायचं होतं. फार जायचं होतं.

गाडीची घोषणा झाली. लोक पिशव्या उचलून कडेला गेले. आणि फलाटाच्या उतरत्या टोकाकडून, जिथून कुणीच येत नाही तिथून, दाजी आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. एका पायात चप्पल नाही. सायकल खांद्यावर.

पांदणीपांदणीनं आले होते. कालवा आडवा आला तिथं पूल नव्हता. पाणी सोडायच्या दाराची पाऊलभर रुंदीची भिंत होती, तिच्यावरून सायकल खांद्यावर घेऊन आले. चप्पल तिथं पाण्यात गेली. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा त्यांनी फक्त बनियनच्या आतून रुमालात बांधलेला पासपोर्ट काढला आणि माझ्या हातात दिला. घामानं तो ओला झाला होता. तेवढ्यात गाडी फलाटाला लागली.

‘दाजी, क्यारिअरला लावायचा की,’ मी म्हटलं.

‘क्यारिअरला ओझं लावत्यात,’ दाजी म्हणाले. ‘बस गाडीत. लांब बघ.’

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मला दंडाला धरून डब्यात चढवलं आणि स्वतः नळावर तोंड धुवायला निघून गेले. परत आलेच नाहीत. मला माहीत होतं, येणार नाहीत.

खिडकीशी बसले तेव्हा सायकलभोवती माणसं जमली होती. चहावाला आक्काला विचारत होता, ‘मावशी, कोण हो हे?’

आक्कानं डोळे पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सायकलच्या दांडीवर हात ठेवला. ‘आमचे मालक हायत,’ ती म्हणाली. गाडी हलली. मी हात बाहेर काढून हलवत राहिले. पण आक्काचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ती अजून त्या चहावाल्याला सांगत होती, हातवारे करून, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगत होती.