जित्त्यावर माती

माझी आत्या गुरम्मा, वय सत्तरीच्या पुढं, हिच्यावर सध्या सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल आहे. तिचा वकील मीच. बिलोलीच्या कोर्टात इतकी वर्षं काळा कोट घालून फिरतोय, पण या खटल्याइतका संताप मला कधी आला नाही. म्हणून झालं ते सगळं सांगून टाकतो.

आत्याचं घर कट्टर लिंगायत. गळ्यात शिवाचं इष्टलिंग, आणि घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही. शेततळं बांधलं ते मोसंबीसाठी. पुढं तिचा मुलगा माणिकप्पा यानं ते एका ठेकेदाराला मासे पाळायला दिलं. "रोहू-कटला सोडतो," असं ठेकेदार म्हणाला आणि यांनी मान डोलावली. ज्या घरात मासा कधी शिजला नाही, तिथं कटला कुठला आणि मांगूर कुठला हे कोण ओळखणार? उलट तळ्याकडं नजरही जायला नको म्हणून ही माणसं वाट वाकडी करून शेतात जायची. ठेकेदाराचं चांगलंच फावलं. त्यानं बंदी असलेला थाई मांगूर तळ्यात दाटीवाटीनं भरला आणि कोंबड्यांची आतडी टाकून पोसला. वासामुळं कुणीतरी तक्रार केली, आणि मत्स्य खात्याचं पथक येणार म्हटल्यावर ठेकेदार पसार झाला.

मांगूरवर बंदी आहे ते बरोबरच आहे. नदीनाल्यात सुटला तर तो आपले देशी मासे फस्त करतो. माझं भांडण बंदीशी नाही, त्या सकाळी तळ्यावर जे चाललं होतं त्याच्याशी आहे.

पंप लावून पाणी उपसलं. जेसीबीनं बांधाकडेला खड्डा खणला. मजुरांनी क्रेट भरभरून मासे आणले. मांगूर मोठा चिवट जीव. हवेतूनही श्वास घेतो, पाण्याबाहेर लवकर मरत नाही. पहिले क्रेट खड्ड्यात ओतले तरी आत नुसती वळवळ चालली होती. जेसीबीनं माती उचलली तशी आत्या पथकाच्या साहेबांपुढं उभी राहिली.

"सायेब, हे जित्ते हायत की!"

"आजी, वरून आदेश आहे. नष्ट करायचेत."

"मग मारा की. मारू नका आसं कुठं म्हनलं मी? मारून पुरा."

"मासे आहेत हो. माशाला काय कळतंय?"

आत्यानं बोलावल्यामुळं मीही तिथं होतो, मध्ये पडलो. साहेबांना म्हणालो, प्राणी क्रूरतेचा कायदा १९६० सालापासून आहे. माणूस सोडून प्रत्येक सजीव त्यात प्राणी म्हणून धरलाय. विनाकारण यातना देणं गुन्हा आहे. साहेब हसले. "वकीलसाहेब, आदेशात 'नष्ट करणे' एवढंच आहे. कसं करायचं ते लिहिलेलं नाही."

आणि हे खरं होतं, हीच तर चीड! बकरा कसा कापावा, कोंबडी कशी न्यावी, याचे निदान नियम तरी आहेत. पाळतो कोण ते सोडा. या माशांनी कसं मरावं हे त्या आदेशात एका ओळीत लिहायचे कष्टही कुणी घेतले नव्हते. आणि तो क्रूरतेचा कायदा मोडलाच, तर पहिल्या वेळेला दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये! अहो, तेवढ्यात बिलोलीत दोघांचा नाष्टा होत नाही.

आमची बाचाबाची चालू असताना आत्या खड्ड्यात उतरली. वळवळत्या माशांच्या मधोमध मांडी घालून, पाठ ताठ करून बसली. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. असंच मांडी घालून खड्ड्यात बसवतात आणि माती देतात. जिवंत बाईला तसं बसलेलं जमलेल्या गावाला बघवेना. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं.

"मेल्याला माती देत्यात," आत्या खालून बोलली. "जित्त्यावर लोटायची आसंल तर आधी माझ्यावर लोटा."

साहेब भडकले. "मग तुम्हीच मारा ना! माझ्याकडं त्याला माणसं नाहीत." मुंगीलासुद्धा वाट देणारी म्हातारी, ही काय मारणार, असा त्यांचा हिशोब.

आत्या वर आली. माशांच्या काट्यांनी पाय रक्ताळले होते. विहिरीवर धुणं बडवायचा लाकडी दांडका पडला होता, तो तिनं उचलला. गळ्यातलं इष्टलिंग पदराआड झाकून घेतलं.

"ह्याला दिसाया नको," म्हणाली.

आणि पुन्हा खड्ड्यात उतरून पहिल्या माशाच्या डोक्यावर तिनं दांडका घातला. मग दुसऱ्याच्या. डोळ्यांतून धार लागली होती, पण थांबली नाही. ते बघून एकेका मजुरानं लाकूड हातात घेतलं. मीही घेतलं. शेवटचा मासा थंड झाल्यावरच माती पडली.

त्यानंतर साहेबांनी पोलिसांत गुन्हा नोंदवला. भावकीनं तर वेगळीच शिक्षा दिली. गुरम्मानं हत्या केली म्हणून तिच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं. ठेकेदार मात्र अजून मोकळा फिरतोय.

पहिल्या तारखेला न्यायाधीशांनी तिला विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"अडवलं ते कबूल हाय," आत्या म्हणाली. "पर सायेब, मी लई जीव मारले. माझ्या हातानं. त्याची काय शिक्षा हाय ते आधी सांगा."

कोर्टात हशा पिकला. मत्स्य खात्याचे साहेबही हसले. आत्या हात जोडून उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.